मॅथ्सच्या डाउट रूमला व्हॉलंटियर हवेत? आधी ते का येतात ते बघा

दर टर्मला मॅथ्स डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, "डाउट रूमसाठी व्हॉलंटियर्स हवेत, इच्छुकांनी खाली नाव लिहा" (डाउट रूम म्हणजे अडलेली गणितं घेऊन यायची खोली, तिथे विद्यार्थीच विद्यार्थ्यांना मदत करतात), आणि दोन आठवड्यांनी बघावं तर खाली दोनच नावं, एक ज्याने कागद लावला त्याचं आणि दुसरं त्याच्या रूममेटचं. हा कागद मी स्वतः दोन वर्षं लावलाय म्हणून सांगतो, लावूच नका. माणसं येतात, भरपूर येतात, पण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि ते ओळखून विचारलं तरच येतात. सेवाभाव वगैरे शब्द पोस्टरवर बरे दिसतात, त्यांच्या जिवावर बुधवारी संध्याकाळी ५ वाजता खुर्चीत कुणी येऊन बसत नाही.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे चक्क स्वार्थ, आणि त्यात वाईट काहीच नाही. समजावून सांगायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. अ‍ॅनालिसिसचा पेपर मला मस्त गेला होता, त्या तोऱ्यात मी पहिल्या दिवशी बसलो आणि एकीने येऊन विचारलं, एक्सचा वर्ग हे फंक्शन सगळीकडे कंटिन्युअस आहे ना, मग युनिफॉर्मली कंटिन्युअस का नाही (म्हणजे उत्तर ठरावीक मापापेक्षा जास्त हलू नये म्हणून एक्स किती हलवायचा, ती मर्यादा म्हणजे डेल्टा, सगळीकडे एकच का पुरत नाही)? मी व्याख्या म्हणून दाखवली, घडाघडा. ती म्हणाली, "ही आहे माझ्या वहीत. पण का नाही?" आता आली का पंचाईत! मग दोघं फळ्यापाशी उभे राहिलो, एक्स घेतला, त्याच्या अर्धा डेल्टा पुढचा बिंदू घेतला, दोघांच्या वर्गांची वजाबाकी केली, तर आलं एक्स गुणिले डेल्टा आणि वर थोडी चिल्लर. एक्स तर हवा तेवढा मोठा घेता येतो, म्हणजे डेल्टा कितीही बारीक करा, पुढे कुठेतरी तो कमी पडणारच. तिला कळलं ते कळलंच, पण मला ते पेपर देऊन वर्ष झाल्यावर तेव्हा कळलं. त्यामुळे सेकंड किंवा थर्ड इयरच्या कुणाला विचारायचं असेल तर सरळ हेच सांगा, की पुढचा कोर्स झेपायला हवा असेल तर मागचा कोर्स कुणालातरी समजावून बघ.

पीएचडीवाल्यांचं कारण वेगळंय आणि ते तुम्हाला स्वतःहून सांगणार नाहीत. रिसर्चमध्ये माणूस एकाच लेमापाशी (मोठ्या सिद्धतेतली छोटी पायरी) चार-चार महिने अडकलेला असतो, संध्याकाळी खोलीवर जाताना आज काय झालं याचं उत्तर "काही नाही" असंच असतं. अशा माणसाला आठवड्यातून एक तास असा मिळतो की एक प्रश्न आला, वीस मिनिटांत सुटला, समोरचा खूश होऊन गेला, तर तो तास त्याच्यासाठी औषध असतो. म्हणून त्यांना थीसिस लिहिण्याच्या घाईत विचारू नका, अडकलेले असतील तेव्हा विचारा (ओळखायचं कसं? कॉरिडॉरमध्ये विनाकारण फेऱ्या मारतात).

तिसरी जात परतफेडवाल्यांची, आणि माझ्या मते हेच सगळ्यात टिकतात. म्हणजे जी मुलं आधी त्याच खोलीत रडकुंडीला येऊन बसलेली, कुणीतरी त्यांच्याशेजारी बसलं, पास झाली. गेल्या वर्षी कोण नियमित येत होतं ते आठवा आणि त्यांना आधी विचारा, टॉपर्सना नंतर. टॉपर्सबद्दल राग नाही, पण त्यांच्या तोंडी "हे तर उघडच आहे" फार पटकन येतं. आमच्याकडे "उघड" आणि "ट्रिव्हियल" या दोन शब्दांना बंदी आहे, बोलणाऱ्याने त्या दिवशी फळा पुसायचा.

आणि सीव्हीसाठी येणारेही असतात. येऊ द्यात, नाकं मुरडू नका, टर्मच्या शेवटी कामाचं नीट पत्र द्या. त्यातले अर्धे पुढच्या टर्मला पत्राशिवाय येतात.

आता विचारायचं कसं. ग्रुपवर मेसेज टाकला की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल, त्यामुळे एकेकाला गाठून विचारायचं, आणि दिवस, वेळ, शेवटची तारीख तिन्ही सांगायचं. मी साधारण असं लिहितो: "तू परवा लिनियर अल्जेब्राचं ते आयगेनव्हॅल्यूचं चित्र काढून दाखवलंस ना, तसंच फर्स्ट इयरला दाखवशील का? मंगळवार ५ ते ६, सहा आठवडे, नंतर सुट्टी. नाही म्हणालास तरी चालेल." शेवटचं वाक्य मनापासून लिहा. बिनशेवटाचं काम कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर एक दिवस न सांगता गायब होतं.

खोलीचं नाव आणि हेतू हा पण महत्त्वाचा भाग आहे, कारण "कच्च्या विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्र" असं लिहिलं की ज्याला गरज आहे तो लाजेने येत नाही आणि व्हॉलंटियरला आपण उपकार करतोय असं वाटायला लागतं. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत गणित शिकवणारे उरी ट्रीसमन कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडे बघत होते. जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही, असे अंदाज लोकांनी आधीच बांधून ठेवलेले, ते टिकले नाहीत. ही मुलं कष्ट करत होती पण एकेकटी, आणि चिनी वंशाची मुलं आपापला अभ्यास झाला की एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती. मग ट्रीसमननी कृष्णवर्णीय मुलांसाठी जे वर्कशॉप काढलं त्यात जास्तीची शिकवणी नव्हती, ग्रुपने बसून सोडवायची चांगली अवघड गणितं होती, आणि त्या मुलांचे निकाल सुधारले. त्यामुळे एक टेबल असं ठेवाच जिथे कुणी कुणाला शिकवत नाही, फक्त एक अवघड गणित पडलेलं असतं.

पहिल्या दिवशी नव्या व्हॉलंटियरला एवढंच सांगा: खडू समोरच्याच्या हातात द्यायचा. आमच्या एका उत्साही पोराने पहिल्याच दिवशी अख्खी असाइनमेंट फळ्यावर सोडवून दिली, समोरच्याने फोटो काढला, थँक्यू म्हणाला आणि पुन्हा फक्त पुढच्या असाइनमेंटच्या आदल्या दिवशी उगवला. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायला शिकवा, मनात दहा आकडे मोजा म्हणावं. आणि "मला नाही माहीत, चल बघू" म्हणायची मुभा आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर निम्मे लोक या भीतीनेच येत नाहीत.

मग न सुटलेले प्रश्न कुठे जातात? एका जाड वहीत. ही आयडिया माझी नाही. ल्वूव शहरात (तेव्हा पोलंडमध्ये, आता युक्रेनमध्ये) बानाख, उलाम, माझुर ही गणितज्ञ मंडळी स्कॉटिश कॅफेत बसून टेबलाच्या संगमरवरावरच गणितं लिहायची, ती पुसली जायची, म्हणून बानाखच्या बायकोने १९३५ मध्ये वही आणून दिली. त्यात १९३६ साली माझुरने एका प्रश्नाला जिवंत हंस बक्षीस लावला, तो प्रश्न पेर एन्फ्लोने १९७२ मध्ये सोडवला आणि हंस त्याला खरोखर मिळाला! आमच्या वहीला असलं बक्षीस नाही, पण आपण लिहिलेल्या प्रश्नाखाली कुणी काही लिहिलंय का हे बघायला लोक उगाच डोकावतात, आणि डोकावणारा महिन्याभरात खुर्चीत बसलेला असतो.

एका गोष्टीला मात्र ठामपणे नाही म्हणा, फुकटात डिपार्टमेंटचं काम करायला. गणितात फुकट काम करायची सवय जुनी आहे, जर्नलचे पेपर तपासणारे रेफरीसुद्धा बहुतेकदा पैसे घेत नाहीत, आणि या सवयीचा फायदा उठवला जातो. जर्मन गणितज्ञ एमी नोएथर १९०८ पासून एर्लांगेन युनिव्हर्सिटीत बिनपगारी शिकवत होत्या, १९१५ ला गॉटिंगेनला आल्या तर तिथे त्यांची लेक्चर्स तिथले नामांकित प्रोफेसर हिल्बर्ट यांच्या नावावर लागायची, रीतसर शिकवायची परवानगी १९१९ मध्ये मिळाली आणि शिकवण्याचे पहिले पैसे १९२३ मध्ये. हे व्हॉलंटियरिंग नव्हे, हा अन्याय आहे. तेव्हा डिपार्टमेंटने पेपर तपासा, ट्यूटोरियल घ्या, गैरहजर लेक्चररच्या जागी उभे राहा असं सांगितलं की त्याचे पैसे मागा. आम्ही एकदा "बरं, एवढ्यावेळी" म्हणून तपासायचे गठ्ठे घेतले, त्या टर्मला सहाजण सोडून गेले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

परीक्षेच्या आठवड्यात गर्दी तिप्पट होते पण व्हॉलंटियर्सचीही परीक्षा असते, तेव्हा तास कमी करा आणि ते दोन आठवडे आधी दारावर लिहा. सोडून जाणाऱ्याकडून जाताना फक्त दोन गोष्टी घ्या, खोलीची किल्ली आणि पुढच्या टर्मला विचारावं अशा एकाचं नाव. माझ्या नंतर कोण, तर ती युनिफॉर्म कंटिन्युइटीवाली. तिचं नाव मीच दिलं होतं.