खपली गव्हाचं बी घरच्या घरी कसं राखावं

खपलीचं बी पोत्यातून काढू नका, उभ्या पिकातून निवडा. आमच्या कृष्णाकाठी खपली अजून पेरतात, पण मळणी झाल्यावर उरल्या मालातलं पायलीभर बाजूला ठेवलं की बियाण्याचं काम संपलं, असं मानतात. मग काही हंगामांत त्यात बन्सी (रव्या-शेवयांचा कडक गहू) आणि साधा गहू डोकावू लागतो.

आधी ओंबी ओळखायला शिका. खपलीची ओंबी दाट, चपटी आणि कुसळांची. तळहातावर चोळा. साधा गहू असेल तर दाणे सुटून खाली पडतात. खपलीत दाणा सुटत नाही, ओंबीचा दांडाच सांध्यासांध्यावर मोडतो आणि फोलात घट्ट बसलेले जोडदाणे हाती येतात. नखानं फोल उचकटलं की आत लांबट, तांबूस, कडक दाणा. चोळताच मोकळी होणारी ओंबी खपलीची नव्हे, दिसायला कितीही तशी असो.

गहू स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारा, म्हणून हे काम घरी जमतं. साध्या गव्हाशी चुकून संकर झाला तरी तो सहसा टिकत नाही. खपलीत २८ गुणसूत्रं, साध्या गव्हात ४२, आणि ३५ गुणसूत्रांचं ते झाड बरंचसं वांझ निघतं. भीती बन्सीची. तिचीही २८च, त्यामुळे संकर नीट फळतो आणि पुढच्या पिढ्यांत सहज मळणारी झाडं निघत राहतात. बियाण्याचा तुकडा बन्सीपासून लांब ठेवा. अर्थात सगळ्यात जास्त भेसळ मळणीयंत्रातच होते, म्हणून बियाण्याच्या ओंब्या मी काठीनं झोडपून घेते.

पीक पिवळं पडू लागलं की बांधाकडेच्या ओळी सोडून रानाच्या मधोमध फिरा. न लोळलेली, भरल्या ओंबीची झाडं निवडा. तांबेरा दिसलेलं झाड कितीही जोमदार असलं तरी घेऊ नका. रोगाला तोंड देणं हाच खपलीचा मोठा गुण. काळ्या तांबेऱ्याला अडवणारी एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुकं खपलीतूनच गव्हाच्या संशोधनाला मिळाली.

शंभरेक ओंब्या घ्या, प्रत्येकीची पुढच्या वर्षी वेगळी ओळ पेरा. ज्या ओळीत वेगळं झाड निघेल ती ओळ अख्खी उपटा, एकटं झाड काढून भागत नाही. उरलेल्या सगळ्या ओळींचं बी एकत्र करा. एकच देखणी ओळ ठेवायचा मोह टाळा, जुन्या वाणाची ताकद त्याच्या विविधतेत असते.

पीक फार लोळत असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ किंवा एचडब्ल्यू १०९८ हे कमी उंचीचे वाण आहेत. जरूर लावा, पण घरच्या बियाण्यात मिसळू नका.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, फोलासकट. कुसळं पाभरीच्या नळीत अडकतात, ती आधी चोळून काढा. सडलेला, म्हणजे फोल काढलेला दाणा पेरू नका, गिरणीत कोंब दुखावतो. खाण्याचा माल सडायला पाठवताना बियाण्याचं पोतं घरातच राहू द्या, फोलासकट, कडक उन्हात वाळवून.