दगडी प्रवाळांच्या टाकीत आधी अल्कलिनिटी सांभाळा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले ॲक्रोपोरा, माँटिपोरासारखे दगडी प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रोज थोडाथोडा चढवतात. त्याचा सगळा माल ते पाण्यातूनच उचलतात. नवशिक्यांचं लक्ष कॅल्शियमवर असतं, पण अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ‘डीकेएच’ या एककात मोजतात) १ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम कमी होतं. कॅल्शियमच्या ४२० मधले ७ कळतही नाहीत. अल्कलिनिटीच्या ८ मधला १ प्रवाळाला लगेच जाणवतो. म्हणून अल्कलिनिटी वरचेवर मोजा. कॅल्शियम आठवड्याला आणि मॅग्नेशियम (१३०० च्या आसपास) महिन्याला तपासलं तरी चालतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मालवणच्या समुद्रातला तुकडाही उचलायचा नाही. ही कृती परदेशात, जिथे पाळणं कायदेशीर आहे आणि टाकीतच वाढवलेली कलमं मिळतात, तिथल्यांसाठी आहे.

पहिल्यांदा क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, बघा. ती लिटरमागे ३५ ग्रॅमहून कमी असेल तर बाकीचे आकडेही खाली दिसतील. आधी तीच दुरुस्त करा. मग सोडा-कॅल्शियमची भर घालणं बंद ठेवून, रोज ठरलेल्या वेळी, तीन दिवस अल्कलिनिटी मोजा. समजा तीन दिवसांत ८.४ वरून ७.५ झाली, तर रोजचा खप ०.३.

१०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. २०० लिटरला रोज १.८ ग्रॅम. लिटर मोजताना दगड आणि वाळूची जागा वजा करा, नाहीतर मात्रा जास्त पडते. बेकिंग पावडर अजिबात नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

सोडा पेलाभर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून जोराच्या प्रवाहात हळूहळू ओता. जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.६ ग्रॅम, पण काही तासांनी आणि वेगळं विरघळवून. दोन्ही एकत्र पडले तर पांढरा ढग उठतो: तो कॅल्शियम कार्बोनेटच, प्रवाळाऐवजी हीटरवर आणि पंपावर बसलेला.

पातळी फार उतरली असली तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असताना अल्कलिनिटी १०-११ वर गेली, की ॲक्रोपोराची टोकं जळून पांढरी पडतात.

प्रवाळ वाढले की खपही वाढतो, तेव्हा दर महिन्याला हिशोब नव्याने करा. खप अचानक घटला तर त्याच दिवशी मात्रा कमी करा आणि तापमान, प्रवाह, फॉस्फेट तपासा. रंग उडण्याच्या आधी बहुतेक वेळा हीच खूण दिसते.