पाळीच्या अ‍ॅपवर विसंबून मूल टाळताय? मग या चुका टाळा

ऐरोली स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून मी प्रेग्नन्सी किट घेतलं, तेव्हा पाळी नऊ दिवस पुढे गेली होती. आम्ही जवळ आलो ते फक्त अ‍ॅपने हिरवे, म्हणजे सुरक्षित दाखवलेल्या दिवसांत, त्यामुळे असं होऊच कसं शकतं, हेच डोक्यात घोळत होतं. किटवर एकच रेघ आली, दोन दिवसांनी पाळीही आली. नंतर ठाण्यातल्या डॉक्टरबाईंनी माझ्याच तारखा कागदावर मांडून दाखवल्या, तेव्हा कळलं की दीड वर्ष माझं निभावलं ते नुसत्या नशिबावर. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. जे त्या दिवशी कळलं, ते कुणाला किट हातात घेऊन कळू नये असं मला मनापासून वाटतं.

सरासरीला खरं मानणं

माझ्या शेवटच्या तीन पाळ्यांमधलं अंतर होतं 27, 29 आणि 34 दिवस. सरासरी 30. साधं अ‍ॅप एवढंच करतं: पुढची पाळी तिसाव्या दिवसानंतर येणार असं धरतं आणि तिथून साधारण 14 दिवस मागे जाऊन सांगतं, अंडं सोळाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि अंडं 12 ते 24 तास टिकतं, म्हणून अकरा ते सोळा हे दिवस लाल, आणि आठवा-नववा दिवस हिरवा.

आता तो महिना 27 दिवसांचा निघाला तर? अंडं तेराव्या दिवशीच सुटेल आणि धोका आठव्या दिवसापासूनच सुरू होईल. म्हणजे हिरवे दाखवलेले दिवसच नेमके धोक्याचे. आणि 34 दिवसांचा निघाला तर अंडं विसाव्या दिवशी, अ‍ॅपच्या हिशेबाने लाल दिवस संपून गेल्यावर. गंमत अशी की महिना किती दिवसांचा होता, हे तो संपल्यावरच कळतं. अ‍ॅपकडे असतात त्या मागच्या महिन्यांच्या तारखा. या महिन्यात अंडं कधी सुटणार, हे त्याला माहीत नसतं.

बऱ्याच जणींच्या डोक्यात ‘चौदावा दिवस’ पक्का बसलेला असतो. ते 14 दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे, आणि तेही प्रत्येकीचे अगदी 14 नसतात. दिवस मोजण्याची एक तपासलेली पद्धत आहे, तिच्यात आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे तब्बल बारा दिवस टाळावे लागतात. तीसुद्धा ज्यांची पाळी कायम 26 ते 32 दिवसांत येते त्यांच्यासाठीच. माझे 34 दिवस तिथेच बाद. पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होणारा आजार) असेल, पाळी जाण्याचं वय जवळ आलं असेल किंवा नुकत्याच गोळ्या बंद केल्या असतील, तर नुसत्या तारखांच्या अ‍ॅपवर मूल टाळायचा विचारही करू नका.

एका दिवसाच्या तापमानावर निर्णय

मग मी थर्मामीटर आणला. अंडं सुटल्यावर अंगाचं तापमान 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढतं, हे खरं आहे. पण त्यासाठी दोन दशांश स्थळं दाखवणारा थर्मामीटर लागतो, आणि डोळे उघडल्यावर अंथरुणातून न उठता, पाणीही न पिता मोजावं लागतं.

माझ्या नोंदी पाहा: 36.38, 36.41, 36.36, मग एकदम 36.68. मी खूश! पण त्या दिवशी कंपनीच्या कॅबने पहाटे चारला सोडलं होतं, झोप झाली जेमतेम तीन तास, त्यातही मुलगी दोनदा उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 36.40. ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये शिफ्ट बदलत्या असणाऱ्या कितीतरी जणींचं हेच होतं. झोप मोडली, ताप आला, दारू घेतली की आकडा फसवा येतो. वाढ सलग तीन दिवस टिकली, तरच ती धरायची.

आणि मुख्य गोष्ट: तापमान वाढतं ते अंडं सुटून गेल्यावर. पुढचा धोका ते सांगत नाही. म्हणून या पद्धतीत खरा भरवशाचा काळ असतो तो वाढ टिकल्यानंतर पाळी येईपर्यंतचा.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये ‘नॅचरल सायकल्स’ या अ‍ॅपला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली, ते रोजच्या तापमानावरच चालतं. तिथेही नेहमीच्या वापरात वर्षाला 100 पैकी साधारण साडेसहा जणींना दिवस जातात. तांबी (कॉपर-टी) बसवली तर हे प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी. पाळीची तारीख लक्षात ठेवणारं फुकटचं अ‍ॅप यांच्या जवळपासही येत नाही. बहुतेक अ‍ॅप्स ‘गर्भनिरोधक म्हणून वापरू नका’ असं स्वतःच लिहितात, फक्त ते वाचायला आपण थांबत नाही.

नोंदीतल्या चुका

मधेच थोडं अंगावरून गेलं, त्याला पाळीचा पहिला दिवस धरू नका. इमर्जन्सी गोळीनंतरच्या रक्तस्रावाचंही तेच. ही गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. पण ती अंडं सुटणं पुढे ढकलते, त्यामुळे त्या महिन्याचे अ‍ॅपमधले सगळे रंग निरर्थक. पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. बाळंतपणानंतर तर पहिली पाळी यायच्या आधीच अंडं सुटू शकतं, आणि तेव्हा अ‍ॅपकडे मोजायला तारीखच नसते.

लाल दिवशी ‘बाहेर काढू, काही होत नाही’ असं ठरवणं ही सर्रास होणारी चूक. लाल दिवस म्हणजे कंडोम किंवा काहीच नाही, आणि हे नवऱ्याशी आधीच बोलून घ्यावं, ऐनवेळी नाही. लैंगिक आजारांपासून तर हिरवा दिवसही वाचवत नाही.

शंका आलीच तर

तारखांचा हिशेब चुकला असेल, तर संबंधानंतर 21 दिवसांनी किटवर तपासा. पाळी चुकली असेल तर लगेच, आणि एक रेघ येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा. दोन रेघा आल्या आणि मूल नको असेल, तर मनाने गोळ्या घेऊ नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू होतं, आणि गर्भपातासाठी 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं.

निरोध, रोजची ‘माला-एन’ गोळी, आठवड्याची ‘छाया’ गोळी, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतं. मी तांबी बसवून घेतली. अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे, त्यात फक्त पाळीची तारीख टाकते.