ब्लूजचा माउथ ऑर्गन शिकताना आणि बँडसोबत वाजवताना या चुका टाळा

पेडणे, डिचोली किंवा फोंडा भागात भजनांतली आणि नाट्यपदांतली पेटी ऐकत ज्यांचा कान तयार झाला, त्यांना ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताचा, माउथ ऑर्गन परका वाटण्याचे कारण नाही, कारण दोन्ही वाद्यांत हवेने कंप पावणारी रीड, म्हणजे धातूची पातळ पट्टीच स्वर देते. पेटीला हवा भाता पुरवतो, तर येथे ती वादकाच्या छातीतून जाते आणि येते. शिकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच फरकात आहे.

पहिली चूक मात्र खरेदीतच होते. २४ छिद्रांचा ट्रेमोलो कानाला गोड लागतो. पण त्यात प्रत्येक स्वराला किंचित फरकाने लावलेल्या दोन रीड असल्याने ब्लूजला हवे तसे बेंडिंग, म्हणजे स्वर वाकवून खाली उतरवणे, त्यावर साधत नाही. त्यासाठी १० छिद्रांचा डायटॉनिकच, म्हणजे एकाच पट्टीत लावलेला माउथ ऑर्गनच घ्यावा. मधला सांगाडा प्लॅस्टिकचा असलेला बरा, कारण गोव्याच्या पावसाळी हवेत कच्चे लाकूड फुगते.

दुसरी चूक पट्टीची. गाणे पांढरी पाचमध्ये, म्हणजे जीमध्ये आहे म्हणून जीचाच माउथ ऑर्गन उचलला, तर ब्लूजचा रंग सहजी येत नाही. गाण्याचा षड्ज धरून त्याचा शुद्ध मध्यम मोजावा आणि त्या स्वराचा माउथ ऑर्गन घ्यावा: जीसाठी सी, ईसाठी ए, एसाठी डी. मग दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की षड्ज मिळतो आणि पाचव्यातून कोमल निषाद आयता हाती येतो.

नेमके हेच दुसरे छिद्र नवशिक्याला छळते. स्वर घुसमटतो, फुटतो किंवा लागतच नाही, आणि नव्या वाद्यात दोष असल्याची शंका येते. बहुतेक वेळा रीड ठीक असते. श्वास जोरात, गालांनी ओढला जात असतो आणि जीभ वाटेत आलेली असते. जबडा सैल सोडून, वाद्य ओठांच्या बरेच आत घेऊन, पोटातून सावकाश श्वास घेतला की तोच स्वर भरदार लागतो. बेंडिंगमध्येही जोर कामाचा नाही: ‘ई’वरून ‘ऊ’कडे जाताना जीभ मागे सरकते, तसा तोंडातील आकार बदलावा लागतो. सुरुवात चौथ्या छिद्रावर करावी, कारण तेथे स्वर एकच अर्धस्वर उतरतो. तिसऱ्यावर तो तीन अर्धस्वर उतरू शकतो, म्हणून तेथे नेमक्या जागी थांबणे फार अवघड असते. शुद्ध आणि कोमल गंधारांच्या मधली जी जागा ब्लूजचा प्राण आहे, ती याच छिद्रात आहे. पेटीवर दोन्ही गंधार वाजवून ती कानाने शोधावी.

बँडसोबत उभे राहिल्यावर सर्वांत खटकणारी चूक म्हणजे सतत वाजवत राहणे. ब्लूजचे आवर्तन बहुधा बारा बारचे, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा भागांचे असते; त्यात गायकाची ओळ संपल्यावर जी मोकळी जागा उरते, तीच माउथ ऑर्गनची. गायक गात असताना थांबावे किंवा ड्रमच्या ठेक्याला धरून अगदी हळू कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) द्यावेत. पाचव्या बारला बँड मध्यमाच्या कॉर्डवर जातो, तेव्हा न वाकवलेला शुद्ध गंधार त्या कॉर्डशी भांडतो, तेथे कोमल गंधारच हवा. आवर्तन हातून सुटले, तर अंदाजाने वाजवत राहण्यापेक्षा बास गिटारकडे कान देऊन पुढच्या पहिल्या बारला परत यावे.

शॅकमध्ये ड्रम आणि गिटारच्या गदारोळात स्वतःचे वाजवणे ऐकू येत नाही, म्हणून वादक अधिक जोर लावतो आणि रीड थकून स्वर उतरतो. यावर उपाय मॉनिटरचा, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आहे, फुप्फुसांचा नव्हे. माइक दोन्ही तळव्यांत वाद्यासह बंद धरला की लिटल वॉल्टर या अमेरिकी ब्लूज वादकाच्या धाटणीचा दाट आवाज मिळतो. पण गायकाच्या साध्या माइकवर तसे केल्यास शिटी वाजू लागते. त्यासाठी साउंडवाल्याला आधी सांगून आवाज कमी ठेवून घ्यावा.

खाल्ल्यावर किंवा सरबत प्यायल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवू नये. वाजवून झाल्यावर छिद्रे तळव्याकडे करून वाद्य हलके झटकावे आणि पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवावे; जून ते सप्टेंबरमध्ये त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. एवढे करूनही एखादा स्वर पेटीशी सतत उतरलेला लागत असेल, तर मात्र ती रीड खरोखरच थकली आहे, आणि कार्यक्रमाला त्याच पट्टीचा दुसरा माउथ ऑर्गन सोबत नेलेला बरा.