स्तनावरील त्वचेच्या गाठींची सोनोग्राफी : या चुका टाळा

केसांच्या मुळांतून उद्भवणारा पायलोमॅट्रिकोमा किंवा घामाच्या ग्रंथींतून वाढणारा हायड्रॅडेनोमा या कर्करोग नसलेल्या गाठी स्तनावर क्वचितच आढळतात. त्यामुळे त्या पुष्कळदा स्तनग्रंथीच्या गाठी समजल्या जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाठ कोणत्या थरातली आहे हे ठरवण्याआधीच तिच्या रूपावरून निदान करणे. स्तनाची त्वचा सोनोग्राफीत साधारण २ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या पांढरट पट्ट्यासारखी दिसते. गाठ पूर्णपणे त्या पट्ट्यात असेल तर थराचा प्रश्नच मिटतो. ती खालच्या चरबीत उतरली असेल, तर दोन्ही कडांना त्वचेने तिला खेकड्याच्या नांगीसारखे धरले आहे का, हे पाहावे. ती सबंध चरबीत असली, तरी तिच्यापासून त्वचेकडे जाणारी बारीक काळी नळी दिसल्यास उगम बहुधा त्वचेतलाच असतो. मात्र ही नळी एकाच कोनातून पाहिल्यास सहज निसटते, म्हणून प्रोब (त्वचेवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) कलता करून आणि फिरवून ती शोधावी लागते.

यासाठी उच्च वारंवारतेचा, शक्यतो १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिकचा प्रोब घ्यावा, पडद्यावरील खोली कमी ठेवावी आणि जेलचा जाड थर द्यावा. प्रोब दाबून धरल्यास बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) रक्तप्रवाह नसल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

हायड्रॅडेनोमात द्रव आणि घन असे दोन्ही भाग असू शकतात, घन भागात रक्तप्रवाहही दिसतो. थर न तपासता पाहिले तर स्तनातील सिस्टमध्ये (द्रव भरलेल्या पिशवीत) वाढलेल्या ट्यूमरचीच शंका येते. पायलोमॅट्रिकोमात कॅल्शियमचे कण असल्याने मागे सावली पडते आणि मॅमोग्राफीवर (स्तनाच्या एक्स-रेवर) हेच कण संशयास्पद वाटू शकतात. अशा वेळी त्वचेवर खूण चिकटवून स्पर्शरेषेतील (किरण त्वचेला कडेने स्पर्शून जातील अशी) मॅमोग्राफी केल्यास ते त्वचेतले आहेत का, हे कळते.

थर ओळखल्यावर निर्धास्त होणे ही मात्र तितकीच मोठी चूक आहे, कारण त्वचेतील प्रत्येक गाठ निरुपद्रवी नसते. कडा वेड्यावाकड्या असतील, वाढ झपाट्याने होत असेल किंवा रुग्णाला पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर ऊतीचा नमुना तपासलाच पाहिजे. उलट, नमुनेदार एपिडर्मल सिस्टमध्ये (त्वचेच्या पेशींचे अस्तर असलेल्या पिशवीत) विनाकारण सुई घातल्यास तिच्यातील केराटिन (त्वचेतील प्रथिन) आसपास सांडून दाह होतो. हायड्रॅडेनोमा अर्धवट काढल्यास पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून गाठीची खोली आणि कडा अहवालात स्पष्ट नोंदवाव्यात.