पहिल्या थ्रेडपाशी थांबलेलं हाड

डेंटल इम्प्लांट (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू) लोड केल्यावर, म्हणजे त्यावर दात चढवल्यावर, वर्षभरानं काढलेल्या आयओपीएमध्ये (दाताच्या छोट्या एक्स-रेमध्ये) हाड पहिल्या थ्रेडपर्यंत (स्क्रूच्या पहिल्या आट्यापर्यंत) उतरलेलं दिसलं, की नवशिके डॉक्टर एकतर घाबरतात, नाहीतर 'एवढं चालतंच' म्हणून फाइल मिटवतात. दोन्ही करू नका. आधी हाड नेमकं कुठं थांबलंय ते पाहा. बहुतेकदा कारण तिथंच सापडतं.

पहिल्या वर्षी साधारण दीड मिलिमीटर आणि पुढं दरवर्षी ०.२ मिमीपेक्षा कमी अशी हाडाची झीज चालते, हा हिशेब जुन्या, गुळगुळीत पृष्ठभागाच्या एक्स्टर्नल हेक्स (माथ्यावर षटकोनी उंचवटा असलेल्या) इम्प्लांटवर बसवलेला आहे. आजच्या डिझाइनला तेवढी सूट देण्याचं कारण नाही.

हिरडीला इम्प्लांटभोवती आपली सील बांधायला सुमारे ३ मिमी उंची लागते. इम्प्लांट आणि अबटमेंट (त्यावर बसणारा, दात पेलणारा भाग) यांच्या सांध्यात बारीक फट असते, तिथं जंतू राहतात, सूज राहते. ही फट हाडाच्या काठाला आली की हाड खाली सरकतं आणि सीलला जागा करून देतं. १९९१च्या सुमारास ५ मिमीचे रुंद इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्या मापाचे अबटमेंट नव्हते. म्हणून त्यांवर ४.१ मिमीचे बसवले गेले. चारही बाजूंनी ०.४५ मिमीची पायरी राहिली, फट हाडापासून आत सरकली आणि हाड अपेक्षेपेक्षा चांगलं टिकलेलं दिसलं. प्लॅटफॉर्म स्विचिंग ते हेच.

पण नुसतं प्लॅटफॉर्म स्विचिंग घेतलं म्हणजे झालं, असं नाही. हिरडी पातळ असेल तर त्याचाही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे ड्रिल हातात घेण्याआधी गालाकडचा फ्लॅप (हिरडीचा कापलेला पडदा) उचला, जिभेकडचा तसाच राहू द्या आणि क्रेस्टच्या (हाडाच्या माथ्याच्या) मधोमध प्रोब (मापाच्या खुणांची बारीक सळई) उभा धरून हिरडीची जाडी मोजा. एक मिनिटही लागत नाही. ती २ मिमीपेक्षा कमी भरली तर हिरडी जाड करा, किंवा कोनिकल कनेक्शनचा (अबटमेंट शंकूसारखा आत घट्ट बसणारा) इम्प्लांट क्रेस्टच्या १ ते १.५ मिमी खाली बसवा. खालच्या दाढांपाशी मात्र नसेपासून २ मिमी अंतर सोडूनच. अबटमेंटची उंचीही २ मिमीच्या आत नको. आणि टिश्यू लेव्हल इम्प्लांटची (ज्याचा वरचा भाग हिरडीत राहतो) गुळगुळीत कॉलर हाडात दाबू नका; तिला टेकलेलं हाड टिकत नाही.

थ्रेडचं गणित हाडाच्या घनतेवर. वरच्या मागच्या मऊ हाडात खोल, धारदार थ्रेड पकड देतात. तोच इम्प्लांट खालच्या जबड्याच्या पुढच्या कडक हाडात घातला तर टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) बघता बघता ६०-७० एनसीएमवर (न्यूटन-सेंटिमीटरवर) जातो, कॉर्टिकल (बाहेरचं कडक) हाड चेपतं, रक्तपुरवठा तुटतो आणि काठ मरतो. नवशिक्याला तो घट्टपणा यशासारखा वाटतो, आणि चूक तिथंच होते. ५०च्या पुढं काटा जाऊ लागला की थांबा, इम्प्लांट उलटा फिरवून काढा, कॉर्टिकल ड्रिल किंवा टॅप (हाडात आटे पाडणारं हत्यार) फिरवा, मग पुन्हा बसवा. ३५च्या आसपास पुरेसं आहे.

दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, शेजारच्या दातापासून १.५ मिमी. याहून जवळ गेलात तर दोन्हीकडची झीज एकमेकीत मिसळते आणि मधला पॅपिला (दोन दातांमधलं हिरडीचं टोक) बसतो.

एक्स-रे होल्डर (फिल्म सरळ धरणारी चौकट) लावूनच काढा. थ्रेड दोन्ही बाजूंना स्वच्छ दिसले पाहिजेत. एका बाजूचे पुसट असतील तर कोन चुकलाय, त्यावर मापं घेऊ नका. १० मिमीचा इम्प्लांट फिल्मवर १०.८ भरला आणि झीज १.३ दिसली, तर खरी झीज १.२ मिमी.

दोन्ही बाजूंना सारखी, एका जागी थांबलेली झीज बहुधा डिझाइनची किंवा खोलीची असते. वाढत जाणारी, प्रोब लावताच रक्त किंवा पू येणारी झीज हा आजार आहे. अशा वेळी आधी हिरडीखाली अडकलेलं सिमेंट शोधा, मग क्राउनचा (वरच्या कृत्रिम दाताचा) फुगीर आकार तपासा. हिरडीतून वर येताना क्राउनचा उभार ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर रुग्णाचा ब्रश तिथं पोचत नाही.

हे सगळं वर्षभरानं उलगडायचं तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच फाइलमध्ये लिहायला हवं: इम्प्लांटचा व्यास व लांबी, क्रेस्टपासूनची खोली, हिरडीची जाडी, अंतिम टॉर्क. अबटमेंट बसवाल तेव्हा त्याची उंची, आणि सोबत लोडिंगच्या दिवशीचा एक्स-रे.