वेबस्टरच्या डिजिटल कोशातले टॅग दुरुस्त करताना

कुणीही उतरवून घ्यावा, सुधारावा आणि पुन्हा वाटावा असा इंग्रजीचा मोठा कोश म्हणजे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा जीसीआयडीई. त्याचा गाभा १९१३ च्या वेबस्टर रिव्हाइज्ड अनअब्रिज्ड या छापील कोशाचा आणि भर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेट या संगणकीय शब्दसंग्रहातली. छापील पानांवरून मजकूर संगणकात आला तेव्हा अक्षरांच्या चुका आल्याच, शिवाय टॅगांच्याही, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या कोनी कंसांतल्या खुणांच्याही, आल्या: कुठे टॅग बंद करायचा राहिला, कुठे भलत्याच मजकुराला भलता टॅग लागला. महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या डेटा कन्व्हर्जनच्या ऑफिसांत ज्यांनी काम केलंय त्यांचा या कामावर हात लवकर बसतो. पण त्यांचीच एक सवय इथे नडते. कोनी कंस दिसले की ते फाइल एक्सएमएल (टॅग लिहिण्याची कडक नियमांची पद्धत) धरून चालतात, आणि ही फाइल एक्सएमएल नाही. (टॅगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये आहेत.)

प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल आहे. आत परिच्छेद ‘पी’ टॅगमध्ये. मुख्य शब्द दोनदा येतो: ‘एंट’मध्ये साधा आणि ‘एचडब्ल्यू’मध्ये उच्चाराचे अवयव (सिलेबल) पाडलेला. या दुसऱ्या रूपात तारा (तारांकनाची खूण) म्हणजे अवयवांमधली फोड, दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे मुख्य आघात, बॅकटिक (उलटं एकेरी चिन्ह) म्हणजे दुय्यम आघात, आणि जोडरेघ म्हणजे शब्दातली खरीखुरी जोडरेघ. परभाषेतून आलेल्या शब्दाआधी दोन उभ्या रेघा असतात. पुढे ‘पॉस’मध्ये शब्दाची जात, ‘ईटीवाय’मध्ये व्युत्पत्ती, ‘एसएन’मध्ये अर्थाचा क्रमांक, ‘डेफ’मध्ये अर्थ आणि शेवटी ‘सोर्स’मध्ये तो मजकूर कुठून आला ते.

आता नवख्याची फसगत होते ती जागा. कीबोर्डवर नसलेली अक्षरं या फाइलमध्ये डावा कोनी कंस, अक्षराचं नाव आणि तिरकी रेघ अशी लिहिलेली आहेत. उजवा कंस नसतोच. ओळ तोडणारा ‘बीआर’ही असाच अर्धा. ही चूक नव्हे, या फाइलची लिहिण्याची पद्धत आहे. फाइलभर उजवे कंस जोडत बसलात तर हजारो निरर्थक बदल होतील आणि तुमची एकही दुरुस्ती कुणी स्वीकारणार नाही. कंसानंतर प्रश्नचिन्ह आणि तिरकी रेघ दिसली तर मात्र थांबा. टंकणाऱ्याला न लागलेल्या किंवा न लिहिता आलेल्या अक्षराची ती राखीव जागा आहे. छापील पानाचा स्कॅन समोर असेल तर सर्वांत उपयोगाची दुरुस्ती इथेच होते.

फाइल वर्डमध्ये उघडू नका. टंकताना किंवा शोधून बदलताना वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करू शकतो आणि मुख्य आघात बिनबोभाट पुसले जाऊ शकतात. नोटपॅड प्लस प्लस, विम किंवा व्हीएस कोड वापरा. ओळीच्या शेवटच्या जागा आपोआप छाटण्याची सोय बंद ठेवा, आणि फाइलच्या ओळी युनिक्स पद्धतीने संपत असतील तर तशाच राहू द्या. नाहीतर एक टिंब बदललं तरी तपासणाऱ्याला अख्खी फाइल बदललेली दिसते. एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) आधी बघून घ्या आणि सेव्ह करताना तेच राहील याची खात्री करा. पहिला बदल करण्याआधी फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) टाका.

सुरुवात यंत्राला कळणाऱ्या चुकांपासून करावी. मूळ फाइलला हात न लावता तपासणीपुरती एक प्रत बनवा. तिच्यात आधी टिपा (कॉमेंट) काढून टाका. या फाइलमधल्या टिपांना उद्गारचिन्ह नसतं, त्यामुळे एक्सएमएलचा तपासनीस त्यांवरच अडखळतो. टीप काढताना तिच्यातले ओळबदल राखा, म्हणजे ओळींचे क्रमांक मूळ फाइलशी जुळत राहतील. मग सगळे अँपरसँड, म्हणजे ‘अँड’ची चिन्हं, एक्सएमएलच्या रीतीने लिहा. वेबस्टरमध्ये ‘इत्यादी’साठी अँपरसँड आणि सी पानोपानी आहे, आणि ही पायरी राहिली तर तक्रारींचा ढीग लागतो. मग ती अर्धी चिन्हं शोधून प्रत्येकाच्या जागी एक साधं अक्षर घाला. शोधताना डाव्या कंसानंतर निदान एक अक्षर हवं आणि मध्ये कुठलाही कोनी कंस किंवा रिकामी जागा नको, ही अट घाला; नाहीतर बंद करणारे टॅगही त्यात सापडतील. शेवटी सगळ्याभोवती एक मूळ टॅग घाला आणि एक्सएमएललिंट हा तपासनीस चालवा. पहिली तक्रार खरी धरा. खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघालेल्या असतात. एक दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा, प्रत पुन्हा बनवा, पुन्हा चालवा.

सर्वांत जास्त गुंता व्युत्पत्तीत सापडतो. तिथे मूळ लॅटिन किंवा फ्रेंच शब्द ‘ईटीएस’ टॅगमध्ये असतो, आणि तो बाहेरच्या ‘ईटीवाय’नंतर बंद झालेला दिसतो. म्हणजे दोन टॅग एकमेकांना छेदून गेले. दोन्हींची अदलाबदल केली की तपासनीस गप्प बसतो, पण दुरुस्ती अर्धवटच राहते: परकीय शब्दापासून चौकोनी कंसापर्यंतचं सगळं अजून तिरपंच दिसतं. स्कॅन उघडा. छापील पानावर तिरपी अक्षरं जिथे संपतात तिथे ‘ईटीएस’ बंद व्हायला हवा, बहुधा स्वल्पविरामाच्या आधी.

यंत्राला न कळणाऱ्या चुका म्हणजे टॅग नीट उघडलेला, नीट बंद केलेला, पण आतला मजकूर चुकीचा. यावर आमच्या मते सर्वांत कामाची युक्ती वारंवारतेची यादी. एका टॅगमधला सगळा मजकूर ग्रेप या शोधाच्या आज्ञेने उपसा, सॉर्टने क्रमाने लावा, युनिकने सारख्या ओळी मोजा आणि आकड्यांनुसार लावा. ‘पॉस’ची अशी यादी केली की वर नाम आणि क्रियापदांची हजारोंची गर्दी असते आणि तळाशी एकेकदाच आलेली रूपं. अकर्मक क्रियापदाच्या खुणेत आय अक्षराऐवजी एकचा आकडा, नामाच्या खुणेत एनऐवजी यू, शेवटचं टिंब गळालेलं, टिंबाचा स्वल्पविराम झालेला, हे सगळं तिथे उघडं पडतं. मात्र तळाचं सगळंच चुकीचं नसतं. काही खुणा खरोखर दुर्मिळ आहेत. विषय सांगणारा ‘एफएलडी’ आणि जुना झालेला शब्द सांगणारा ‘मार्क’ यांचीही यादी करा. मग उलट बाजूने ‘डेफ’ची सुरुवात गोल कंसाने झालेल्या नोंदी शोधा, तिथे नौकानयन किंवा वनस्पतिशास्त्राची खूण चुकून अर्थात शिरलेली असते. असल्या याद्या ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर चाळायला हरकत नाही, ऐरोली ते तुर्भे एवढ्यात बरंच नजरेखालून जातं. आघातचिन्हं मात्र मोठ्या पडद्यावरच तपासा.

दुसरी तपासणी ‘एंट’ आणि ‘एचडब्ल्यू’ची. ‘एचडब्ल्यू’मधून तारा, आघात आणि उभ्या रेघा काढून उरलेला शब्द ‘एंट’शी ताडून पाहा. न जुळणाऱ्यांत काही वैकल्पिक लेखनाच्या जोड्या असतात, त्या सोडून द्या. तिसरी क्रमांकांची: एका नोंदीत १, २, ४ आले तर एकतर तीनचा आकडा चुकीचा वाचला गेला किंवा अख्खा अर्थ गळाला. दोन्हींची दुरुस्ती सारखी नाही, तेव्हा अंदाजाने ४ चा ३ करू नका.

अक्षरांच्या चुकांत आर आणि एन जवळ येऊन एम होणं नेहमीचं. ‘मॉडर्न’चा ‘मोडेम’ झाला तर स्पेलचेकर काही बोलत नाही, कारण तोही इंग्रजी शब्दच. १९१३ च्या अर्थात मोडेम कुठून येणार? आजच्या काळातल्या वस्तू जुन्या नोंदींत शोधणं हा म्हणून चांगला सापळा आहे. पण आधी ‘सोर्स’ पाहा, कारण वर्डनेटमधून आलेल्या नोंदीत तोच शब्द रास्त असेल.

‘सोर्स’ न पाहता स्कॅन उघडला तर तास वाया जातो. वर्डनेटची नोंद छापील पानात सापडणारच नाही, आणि १९१३ च्या पुरवणीतली नोंद मुख्य भागात सापडणार नाही. मुख्य भागातल्या नोंदींसाठी टिपांतले पानांचे क्रमांक उपयोगी पडतात. आवृत्तीही नीट पाहून घ्या. १९०९ चा न्यू इंटरनॅशनल नावाने जवळचा वाटला तरी ग्रंथ वेगळा. त्याच्याशी ताडून केलेली दुरुस्ती म्हणजे नवी चूक. जुनं लेखन, आज खटकणारे अर्थ, कालबाह्य शास्त्र यांना हात लावायचा नाही. स्कॅनमध्येच चूक असेल तर तसं टिपून ठेवा, बदलू नका. ग्रीक अक्षरं येत नसतील तर तीही सोडा.

एकदम सगळीकडे बदल करण्याचा मोह फार होतो. शोधनमुन्यात ‘काहीही, कितीही’ असं लिहिलं की तो पहिल्या टॅगपासून शेवटच्या टॅगपर्यंत सगळं गिळतो. त्याऐवजी ‘डावा कोनी कंस सोडून काहीही’ लिहा. तरीही प्रत्येक बदल एकेक दाखवून मान्य करून घेणारा पर्यायच निवडा. एका कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीत) एकाच जातीची चूक ठेवा, आणि संदेशात काय बदललं आणि पुरावा कुठल्या पानावर आहे ते लिहा. पाठवण्याआधी डिफ, म्हणजे काय काय बदललं ते दाखवणारी यादी, स्वतः वाचा. ज्या ओळीला तुम्ही हात लावल्याचं आठवत नाही ती डिफमध्ये दिसत असेल, तर ती मूळ स्थितीत परत न्या आणि मगच पॅच (तुमच्या बदलांची फाइल) पाठवा.